दंड भरल्यानं सळई वर येत नाही

अण्णांना गॅलरी पाहिजे होती. दहा बाय बाराची. वरच्या खोलीचं दार उघडलं की खुर्ची टाकायला, आणि उन्हाळ्यात बाज टाकायला. घर बांधलं तेव्हाच पुढं दोन कॉलम उभे करून ठेवले होते, 'पुढं-मागं पैसे आले की बघू' म्हणून. पैसे आले. मिस्त्री म्हणाला, पंधरा दिवसांचं काम. त्याला आता दोन वर्षं होत आली. कॉलम तसेच आहेत, त्यांच्या डोक्यावर सळया उघड्या आहेत, आणि सळयांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या आहेत, गंज चढू नये आणि कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून.

गॅलरी झाली नाही, कारण अण्णांनी एक चूक केली. ते म्हणाले, "परवानगी काढ."

शहराचं नाव मी लिहीत नाही. नांदेडच्या वाचकाला हे नांदेड वाटेल, लातूरच्याला लातूर, परभणीचा म्हणेल हे तर आमच्याच गल्लीतलं आहे. तिघंही बरोबर असतील. आणि मी ज्या खिडक्यांवर उभा राहिलो तिथल्या माणसांवर मला राग काढायचा नाही. त्यांच्यातले निम्मे माझ्याशी नीट बोलले. राग ज्या गोष्टीवर आहे ती त्यांच्या टेबलापेक्षा मोठी आहे.

परवानगी कशाला?

ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं हाच प्रश्न विचारला. मित्र म्हणाला, "कशाला परवानगी मागलालास बे? सगळ्या गल्लीत कुणाकडं हाय का?" मिस्त्री हसला. नकाशे काढून देणारा माणूस तर मनापासून काळजीनं म्हणाला, "सर, तुम्ही स्वतःहून कागद आत दिला की तुमचं घर त्यांच्या नजरेत येतं. बांधून टाका. नंतर दंड भरून नियमित होतं."

अण्णा औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ते रानात जागलीला होते, म्हणून आज आहेत. गणपती बोळवून गाव झोपलेलं होतं. अण्णांचे चुलते, चुलती आणि एक चुलत भाऊ माळवदाखाली गेले. किल्लारी आणि आसपासच्या गावांतल्या मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. अण्णा आकडा कधी सांगत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "माती काढायला हात पुरंनात."

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माळवद पाहिलं नसेल. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड चिखलात रचलेले. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर फूट-दीड फूट माती. पावसाळ्याआधी दरवर्षी वर आणखी पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात त्याच माळवदावर सगळं घर झोपायचं. दुपारी आत गारवा, रात्री वर वारा. मराठवाड्याच्या उन्हाला याहून चांगलं उत्तर कुणी शोधलेलं नाही. फक्त दर वर्षीच्या त्या एका थरानं छत जड होत गेलं, आणि भिंतीतला चिखल मात्र तेवढाच राहिला. भूकंप मोठा होता हे खरंच आहे. पण माणसं जमीन हलल्यानं मेली नाहीत, छत पडल्यानं मेली. आणि ते छत त्यांनीच, प्रेमानं, दरवर्षी थोडं थोडं जड केलेलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? तेव्हाच्या सरकारी नकाशात हा सगळा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

म्हणून अण्णांसाठी परवानगी म्हणजे शिक्का नव्हता. त्यांचं वाक्य मला पाठ आहे: "कुणीतरी शहाण्या माणसानं येऊन एकदा बघू दे."

या लेखाचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. कारण दोन वर्षांत आमच्या घरी एकही शहाणा माणूस बघायला आला नाही.

एक गुंठा

आमची जागा एक गुंठा. म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर. नव्वदच्या दशकात अण्णांनी ती शंभराच्या बाँडवर घेतली, कारण त्या सर्व्हे नंबरमध्ये सगळ्यांनीच तशी घेतली. शेतमालकानं चुन्याच्या रेघा मारल्या, रस्ता म्हणून पंधरा फूट सोडले, झाली वसाहत. नळ आला, वीज आली, मालमत्ता कराची पावती यायला लागली, मतदार यादीत नाव आलं. अकृषिक परवाना आणि मंजूर लेआउट मात्र आला नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. कलम 44 खाली परवानगी मागायची. कलम 45 खाली अर्ज दिल्यापासून 60 दिवसांत प्राधिकरणानं निर्णय कळवायचा. नाही कळवला, आणि तुमचा नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही भाग सोडून जवळजवळ राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात लहान भूखंडांची वाट आणखी सोपी केली: 150 चौरस मीटरपर्यंत नकाशा द्या, शुल्क भरा, पावती घ्या आणि कामाला लागा, 150 ते 300 पर्यंत नोंदणीकृत तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी.

हे वाचून मी खूश झालो होतो. आमचे 101 चौरस मीटर! पण या सगळ्या वाटांच्या तोंडाशी एक फाटक आहे आणि त्यावर लिहिलंय, 'भूखंड कायदेशीर असावा'. म्हणजे आधी गुंठेवारी नियमित करा. त्यासाठी मोजणी करा. मोजणीसाठी सातबारावर नाव पाहिजे. सातबारावर मूळ मालकाचं नाव, तो वारला, वारस सहा, त्यातले दोन हैदराबादला. एका मूळ नोंदीचा कागद निजामाच्या काळातला, उर्दूत. तो वाचून मराठीत करून देणारे एक वयस्क गृहस्थ आमच्या जिल्ह्यात शोधावे लागले. ते भेटले, त्यांनी चहा पाजला, कागद वाचला आणि म्हणाले, "बेटा, यात फक्त विहिरीचं लिहिलंय."

मी हे हसून लिहितोय, पण जरा थांबा. या सगळ्या फेऱ्यांत एकदाही कुणी विचारलं नाही की ते दोन कॉलम किती इंचाचे आहेत. पाया किती खोल आहे. त्यांच्यात सळया किती आहेत. वर पाण्याची टाकी ठेवणार आहात का. हजार लिटरची काळी टाकी भरली की एक टन होते, आणि आमच्याकडं नळ रोज येत नसल्यामुळं प्रत्येक गच्चीवर अशा एक-दोन टाक्या असतातच. भारतीय मानक सांगतं की घरातल्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून करावी, आणि गॅलरीची साधारण 300 धरून. जास्त, कारण वरात बघायला सगळं घर एकदम गॅलरीतच येतं. ही साधी गोष्ट लिहिणाऱ्यांना कळली होती. खिडकीपर्यंत ती पोचलेली नाही.

शेजारची गॅलरी

आमची फाईल फिरत होती तेव्हा शेजारच्या काकांनी गॅलरी बांधली. अकरा दिवसांत. कॉलम नाही, भिंतीतून चार फूट पुढं काढलेली.

मी इंजिनिअर नाही, कॉमर्सवाला आहे. पण पुण्यात साईटवर काम करणाऱ्या एका मित्रानं मला एक गोष्ट समजावली होती, ती तुम्हीही समजून घ्या. रबरी चप्पल टाचेकडून घट्ट धरा आणि पुढच्या टोकावर वजन ठेवा. वरची बाजू ताणली जाते, खालची दबते. काँक्रीट दाबायला सोसतं, ताणायला सोसत नाही. ताण सळई घेते. म्हणून साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या बाजूला असतात, पण भिंतीतून पुढं आलेल्या गॅलरीत त्या वरच्या बाजूला असाव्या लागतात. वर राहाव्यात म्हणून खाली सळईच्याच छोट्या खुर्च्या लावतात.

काकांच्या स्लॅबच्या दिवशी मी आमच्या गच्चीवर होतो. घमेली घेतलेली माणसं त्या सळयांवरूनच चालत होती. खुर्च्या नव्हत्या. सळया सेंट्रिंगच्या फळीला टेकल्या होत्या. मी खाली जाऊन मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, काँक्रीट पडलं की उचलून घेतो." काकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे बाळा, त्यानं शंभर घरं बांधलीत." मी परत वर आलो. काँक्रीट पडलं. कुणी काही उचललं नाही.

संध्याकाळी त्या गॅलरीत काकांची तीन नातवंडं खेळतात. गॅलरी छान दिसते. वर्ष झालं, तडा नाही. कदाचित पन्नास वर्षं काही होणार नाही. कदाचित एखाद्या लग्नाच्या दिवशी वीस जण तिच्यात उभे राहतील. मला माहीत नाही. काकांनाही माहीत नाही. हे माहीत असण्याची जबाबदारी ज्या व्यवस्थेची आहे, तिला तर तिथं गॅलरी आहे हेच माहीत नाही.

आणि उद्या तिला ते कळेल तेव्हा ती काय करील? पावती फाडेल.

माफीचं वेळापत्रक

2001 मध्ये राज्यानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. त्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंतच्या वसाहतींसाठी. 2017 मध्ये नगररचना कायद्यात 52-अ हे कलम घालून 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करण्याची सोय झाली. 2021 मध्ये गुंठेवारीची तारीख पुढं ढकलून 31 डिसेंबर 2020 केली. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की आता शेवटची संधी.

मी या माफीच्या विरोधात नाही. एवढ्या लोकांची घरं पाडायची का? गरीब माणसानं मंजूर लेआउटमध्ये प्लॉट घ्यावा असं म्हणणाऱ्यानं त्या प्लॉटची किंमत एकदा बघावी. माझा आक्षेप माफी देण्याला नाही, माफीत काय तपासलं जातं याला आहे. किती चौरस फूट जास्त आहे ते मोजतात. रस्त्यापासून अंतर मोजतात. विकास शुल्क लावतात. स्लॅबच्या पोटात काय आहे, ते बघायचं तसंच राहतं. दंड भरल्यानं जागा नियमित होते. दंड भरल्यानं सळई वर येत नाही.

आणि दुसरा परिणाम जास्त वाईट आहे. ज्यानं विचारलं तो दोन वर्षं रांगेत. ज्यानं विचारलं नाही तो गॅलरीत. कायद्यात विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, पण गल्लीत कुणालाही विचारा, भीती कशाची वाटते? कैदेची नाही. अर्ज करण्याची. जी व्यवस्था प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवते, ती पुढच्या पिढीला कायदा शिकवत नाही, पळवाट शिकवते. मलाही आता फोन येतात: "तुझं झालं का? नाही ना? मग आम्ही बांधूनच टाकतो."

शिक्का असो वा नसो

तुम्ही म्हणाल, परवानगी असती तर बरं झालं असतं. नक्की?

4 एप्रिल 2013 ला ठाण्याजवळ शीळफाट्याला एक इमारत कोसळली, 74 माणसं गेली. ती इमारत बेकायदा होती. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, 16 माणसं गेली. तिथं दाखल झालेल्या गुन्ह्यात बिल्डर आणि आर्किटेक्ट यांच्याबरोबर नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांचीही नावं होती. म्हणजे कागद असलेलीही पडते. गुरुत्वाकर्षण फाईल वाचत नाही.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याला घरामागं लाकडी डेक करायचा होता. त्यालाही परवानगी लागली, शुल्क लागलं, तोही वैतागला. पण त्याच्याकडं माणूस आला. खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांत काँक्रीट टाकायच्या आधी येऊन खोली बघून गेला, आणि सांगाडा उभा राहिल्यावर पुन्हा आला. शंभर कागद मागितले असते तरी चाललं असतं, तो खड्ड्यात वाकून बघत होता! तिथंही सगळं गोड नाही. 2015 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका इमारतीची लाकडी गॅलरी आतून कुजल्यामुळं तुटली आणि सहा तरुण गेले. त्यानंतर 2018 मध्ये तिथं कायदा झाला की तीन किंवा त्याहून जास्त घरं असलेल्या इमारतींच्या गॅलऱ्या ठराविक वर्षांनी तपासायच्याच. चूक झाली तेव्हा त्यांनी दंडाची रक्कम वाढवून विषय संपवला नाही. बघणं वाढवलं.

आमच्याकडं उलटं झालं. 2020 च्या नियमावलीनं लहान घरांसाठी कागद कमी केले, हे चांगलंच केलं. पण वाचलेला वेळ साईटवर जायला वापरावा, हे कुणाला सुचलं नाही. मोठ्या बांधकामात जोतं तपासायची पद्धत आहे. ती मुख्यतः नकाशातली अंतरं जुळतात का बघायला. स्लॅब ओतायच्या सकाळी सळया बघायला कोण येतं? त्यासाठी लागतो एक माणूस, एक टेप आणि वीस मिनिटं.

'मग सगळे काहीही बांधतील'

हा आक्षेप खोटा नाही. शेजाऱ्याचा उजेड जातो, अग्निशमनची गाडी वळत नाही, नाल्यावर भिंती येतात. सामासिक अंतराचे नियम त्यासाठीच आहेत आणि ते असावेत. नांदेडमध्ये 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी रस्ते रुंद झाले तेव्हा शहराला कळलं की मोकळी जागा आधी न ठेवता नंतर काढायची म्हटलं तर काय किंमत द्यावी लागते. मी नियम काढून टाका म्हणत नाही. मी म्हणतो, दोन प्रश्नांची गाठ सोडवा.

जागा कुणाची, हा एक प्रश्न. छत पडेल का, हा दुसरा. पहिला सुटायला वीस वर्षं लागोत, सहा वारस आहेत, दोन हैदराबादला आहेत. पण म्हणून दुसरा वीस वर्षं थांबत नाही. ज्या घराकडून तुम्ही दरवर्षी मालमत्ता कर घेता, त्या घराच्या स्लॅबच्या दिवशी एक अभियंता पाठवा. त्याचं शुल्क घ्या, आम्ही देतो. एजंटाला त्याहून जास्त देतोच. त्यानं सळया बघाव्यात, फोटो काढावा, 'होय' किंवा 'थांबा' म्हणावं. त्या होयचा जागेच्या मालकीशी काही संबंध नाही असं त्यावर ठळक छापा. नियमित करताना चौरस फुटांबरोबर स्लॅबही तपासा. काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे हे वरून सांगणारी यंत्रं आहेत, भिंत फोडावी लागत नाही. आणि 60 दिवसांचं ते कलम प्रत्येक खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. तो असल्याचं मला खिडकीवर नाही, मोबाईलवर कळलं.

राहिलो आपण. मोबाईलवर हे वाचणारे. आपल्या पिढीला हप्ता, ऑफर, रेटिंग सगळं तपासता येतं. वीस रुपयांची भाजी मागवली तरी आपण स्टार बघतो. मग आपलीच माणसं ज्या स्लॅबखाली झोपतात त्याबद्दल 'मिस्त्रीनं शंभर घरं बांधलीत' हे आपल्याला कसं पुरतं? पुढच्या वेळी घरात काँक्रीट पडणार असेल त्या सकाळी वर जाऊन बघा. सळया कुठं आहेत विचारा. फोटो काढून एखाद्या ओळखीच्या इंजिनिअरला पाठवा. सरकार सुधारेपर्यंत एवढं तरी. मी त्या दिवशी काकांसमोर अजून दहा मिनिटं भांडायला पाहिजे होतं. भांडलो नाही, शेजार बिघडेल म्हणून. हे मला रोज संध्याकाळी दिसतं.

21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा धक्का बसला, नांदेडपर्यंत भांडी वाजली. 10 जुलैला पुन्हा तेवढाच. लोक बाहेर आले, व्हिडिओ टाकले, परत आत गेले. अण्णा त्या दोन्ही दिवशी बाहेर आले आणि तासभर आत गेले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून ते समोर बघत बसले. आमच्या कॉलमकडं नाही. शेजारच्या गॅलरीकडं.

फाईल अजून चालू आहे. परवा मिस्त्रीचा फोन आला, म्हणाला, "दादा, किती वाट बघता, रविवारी टाकून देऊ." मी अण्णांकडं बघितलं. ते म्हणाले, "बघायला कोण येणार हाय, ते इचार आधी."